बारा नंबरची नळी

पवई,
११ जानेवारी २०२५

प्रिय अल्पेशदादा,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला आज सदतीस दिवस झाले. अभिनंदन. मला वाटलं होतं तू चार दिवसांत विरघळशील, पण तू फारच खंबीर निघालास.

माझा गुन्हा एवढाच, की 'कोमट पाण्यात हळद घातली की कुठलंही विष उतरतं' हा तुझा मेसेज खोटा आहे, असं मी आपल्या चौसष्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं. त्याखाली हेही लिहिलं, की गेली पाच वर्षं मी विषावरचे उतारे शोधायचीच नोकरी करते, तेव्हा दादाचं खरं असेल तर उद्यापासून मसाल्याच्या दुकानात बसते. ते वाक्य जरा जास्त झालं, हे मान्य. आपल्या मामेबहिणीच्या, ऋतिकाच्या, सासरचे लोक ग्रुपवर आहेत हे माझ्या लक्षात राहिलं नाही. असो.

आता फोन बंद म्हणून हे पत्र. आपल्या वाड्यातली शकु इथं पवईच्या बाजारात मासळी घेऊन बसते, तिच्या टोपलीतून पाठवते. वास आला तर मला दोष देऊ नकोस.

काम आहे. तू माझं काम काय ते कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. किडे मारायला जी औषधं मिळतात त्यातली एक मोठी जात ऑर्गॅनोफॉस्फरसची. ती माणसाच्या अंगात गेली की आपल्या नसांमधल्या एका एन्झाइमला कुलूप लावतात. मग लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगातले स्नायू आपोआप फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो. जुनी औषधं आहेत, पण ती पुरेशी पडत नाहीत. आम्ही ते कुलूप उघडणारं नवं औषध शोधतोय. चौतीस फसली. हे पस्तीसावं.

त्यासाठी बारा निरोगी माणसांचं रक्त हवं. इथं लॅबमध्ये एकाचं बी-बारा कमी, एकीचा कायम उपास, आणि एक जण सुई बघून खुर्चीवरून घसरतो. निरोगी माणसं म्हटल्यावर मला आपला कोळीवाडाच आठवला. सोबत फॉर्म आहेत, प्रत्येकाचा एक. नीट वाचून भर. १९ तारखेला, रविवारी, मी दोन माणसं घेऊन येते. बर्फ तुझ्याकडे असेलच.

मावशीला माझा नमस्कार. तुला नाही.

कल्पिता

*

कोळीवाडा, अंधेरी पश्चिम,
१५ जानेवारी

डॉक्टर कल्पिताबाईसाहेब यांस,

आपलं पत्र शकुनं सुरमईच्या खालून काढून दिलं. आम्हा अडाण्यांची आठवण झाली, तीही आमच्या रक्ताची, हे वाचून भरून आलं. पवईहून अंधेरी किती लांब आहे ते मी नकाशात बघितलं. आठ किलोमीटर. गणपतीनंतर तू आली नाहीस, म्हणजे रस्त्याचं काम फारच मोठं निघालेलं दिसतं.

मी 'नाही' म्हणणार होतो. पण आईला पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तिची आई गेली तवापासून ती माझी पोरगी. पोरीनं रगत मागितलं तं द्यायचं." झालं. माझं या घरात काय चालतं ते तुला माहीत आहे.

बारा जण ठरले. मी, आई, माझी बायको वसुधा, आणि आपल्या बोंबील वाळवायच्या मांडवावर काम करणाऱ्या नऊ बायका. सगळ्या धडधाकट. फॉर्म मीच बसून भरले. दारू, तंबाखू, बीपी, सगळं विचारून लिहिलं. नववा प्रश्न, 'शेतीची फवारणीची औषधे हाताळता का?' यावर बायका इतक्या हसल्या की बोंबील हातातून पडले. अगं, आपल्याकडे शेत राहू दे, तुळशीची कुंडी ठेवायला जागा नाही. सगळ्यांचं 'नाही' लिहिलंय.

बाकी इथं मजेत. मांडवाला लागून तो पस्तीस मजली टॉवर पुरा झाला. त्यांची कचऱ्याची खोली नेमकी आपल्या बोंबलाच्या बाजूला. त्यांच्या कचऱ्यावर माशा जमतात, त्या आपल्या मालावर येतात, आणि तक्रार ते करतात की कोळ्यांमुळे माशा झाल्या. त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी सुशिक्षित आहे, त्यामुळे त्याला समजावता येत नाही.

आईच्या डोळ्यांतून पाणी येतं हल्ली. टॉवरच्या सिमेंटचं असेल. चष्म्याचा नंबरही बदलला असेल.

रविवारी ये. आईनं तुझ्यासाठी जवळा ठेवलाय. बर्फ आहे, कोळ्याकडे बर्फ आहे का असं विचारणारी तू पहिलीच.

तुझा अडाणी भाऊ,
अल्पेश

*

पवई,
२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

जवळा संपला. लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवला होता, तर माझ्याविरुद्ध लेखी तक्रार आली. त्याच फ्रीजमध्ये उंदरांची यकृतं आहेत, त्यांची तक्रार कुणी करत नाही.

आता बातमी. बसून वाच.

आम्ही काय करतो, तर प्रत्येकाच्या रक्तातलं ते एन्झाइम आधी मोजतो. जेवढं निघेल त्याला शंभर धरतो. मग नळीत विष घालतो, आकडा दहावर येतो. मग आमचं औषध घालायचं आणि कितीपर्यंत वर येतं ते बघायचं. जुनं औषध पंचावन्नपर्यंत नेतं. आमचं पस्तीस नंबर कितीवर गेलं माहीत आहे? एकशे अठरा. शंभराच्या वर. म्हणजे विष तर उतरलंच, वर माणूस आधीपेक्षा ठणठणीत.

आमचे मोठे साहेब, डॉ. चंद्रप्रकाश, आकडा बघून चष्मा पुसला आणि परत बघितला. मग म्हणाले की हे औषध एन्झाइमला नवा जोम देतं. असं कसं होईल, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तू त्या हळदीच्या दिवशी फोनकडे बघितलं असशील. मी नळ्या धुवायला गेले.

बारातल्या अकरा नळ्या वापरल्या. एक तांत्रिक कारणानं बाद केली. असं होतं, त्यात विशेष काही नाही.

मावशीच्या डोळ्यांचं मनावर घे. चारकोपला सुलक्षणा म्हणून माझ्या मैत्रिणीचा डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथं ने. साठी ओलांडली की डोळे असं करतातच.

कोळीवाड्याचं रक्त जगात गाजणार आहे. तुला आता तरी मला अनब्लॉक करायला हरकत नाही.

कल्पिता

*

कोळीवाडा,
९ मार्च

बाईसाहेब,

तुझं पत्र मांडवावर सगळ्यांसमोर वाचलं. एकशे अठरा ऐकून बायकांचा रुबाब बघायला हवा होतास. वसुधा म्हणाली, बोंबलाचा गुण. दुसरी म्हणाली, खारी हवा. दोन दिवस कुणी कामाला हात लावला नाही, सगळ्या शास्त्रज्ञ झाल्या होत्या.

पण ते 'बाद' लिहून तू घोळ केलास. बाद कोण झालं यावर वाड्यात पैजा लागल्यात. सगळ्यात जास्त माझ्यावर. आई रोज विचारते, "बाद कोन रे झाली? सांग तिला लिवायला." तेव्हा लिही.

आईला चारकोपला नेलं. तुझ्या मैत्रिणीनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, बाहुल्या फारच बारीक आहेत, उजेडातून आत आलात म्हणून असेल. थेंब दिले. पोटात कळा येतात, त्याला आपल्या नाक्यावरचे डॉक्टर ॲसिडिटी म्हणतात. पोटऱ्या आणि पापणी आपोआप फडफडतात. आईचं म्हणणं, डावी पापणी आहे, काही तरी चांगलं होणार. तू तिथं मोठ्या विषांमध्ये गुंतलेली, तुला असल्या बारक्या गोष्टी काय सांगायच्या. तरी लिहिलं.

टॉवरनं पालिकेच्या वॉर्डात अर्ज दिलाय. मांडवावर माशा दिसल्या तर मांडव काढून टाका म्हणून. माझ्या पणज्याच्या वेळचं वाळवण आहे हे. त्या जागेवर त्यांना मुलांसाठी घसरगुंडी हवी आहे. वॉर्डातून माणूस येऊन बघून जातो. दोनदा आला, एकही माशी सापडली नाही. मी बंदोबस्त केलाय. वाड्यात बाकी सगळ्यांकडे माशा आहेत, आपल्याच मांडवावर नाहीत. सेक्रेटरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तुला अनब्लॉक करायचा विचार चालू आहे. घाई नको.

अल्पेश

*

पवई,
२३ मार्च

प्रिय दादा,

बाद कोण झालं ते मला माहीत नाही. आम्ही नावं बघतच नाही, नळ्यांवर फक्त नंबर असतात. मावशीला सांग, पैज रद्द.

इकडे नुसती धमाल आहे. मे महिन्यात मोठी परिषद आहे आणि तिथं पस्तीस नंबर जाहीर होणार. साहेबांनी भाषणात 'मी' हा शब्द किती वेळा घालायचा याचा सराव सुरू केलाय. माझं नाव पडद्यावर शेवटच्या चित्रात, आभारांमध्ये, एअरकंडिशनर दुरुस्त करणाऱ्याच्या खाली. तरी आहे, हेही नसे थोडके.

मी म्हटलं होतं की आधी आणखी बारा जणांचं रक्त घेऊन परत करून बघू. साहेब म्हणाले, "शंभराच्या वर गेल्यावर कोण परत करतं?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण दिलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा काही तरी जमलंय, दादा. मलाही ते बिघडवायचं नाहीये. तुला म्हणून सांगते.

मावशीच्या पोटऱ्या फडफडतात ते बी-बारामुळे असेल. मासे खाणाऱ्यांचं सहसा कमी नसतं, पण वय झालंय. गोळ्या पाठवते, शकुकडे दिल्यात. दिवसाला एक. माशांचा बंदोबस्त झाला हे वाचून बरं वाटलं. तू मनावर घेतलंस की काम करतोस, फक्त मनावर घ्यायला तुला पन्नाशी लागणार असं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी नक्की येते.

कल्पिता

*

कोळीवाडा,
१० एप्रिल

कल्पे,

पुढचा रविवार होऊन गेला. त्याच्या पुढचाही. जवळा माझ्या पोरानं खाल्ला.

घाईत लिहितोय. मंगळवारी वॉर्डाचे मोठे अधिकारी येणार आहेत, सेक्रेटरी बरोबर. हवा ढगाळ आहे, माल वाळत नाही, आणि ओल्या मालावर माशा तुटून पडतात. मंगळवारी एक जरी माशी दिसली तरी मांडव गेला समज. बघतो काय ते.

आईला बी-बाराच्या गोळ्या चालू आहेत. फरक नाही. घाम फार येतो. परवापासून तोंडातून लाळ येते, पदरानं पुसत बसते. बायकांसमोर लाजते. तरी कामावर येतेच, बोंबील धुवायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही.

तुला यातलं काही कळत असेल तर कळव. नसेल तर नको.

अल्पेश

*

पवई,
२२ एप्रिल

अल्पेशदादा,

तू आता मला अनब्लॉक केलं आहेस. तरी पत्रच लिहिते, कारण फोनवर तू रडतोस आणि मी ओरडते, आणि दोन्हींचा उपयोग होत नाही.

तुझं दहा तारखेचं पत्र शकुनं मला शनिवारी, बारा तारखेला, दुपारी अडीचला दिलं. 'लाळ' हा शब्द वाचला आणि मी शकुच्या टोपलीशेजारीच ते पत्र परत पहिल्यापासून वाचलं. डोळे, बाहुल्या, पोट, पोटऱ्या, घाम, लाळ. जानेवारीत मी तुला माझ्या हातानं जी यादी लिहून पाठवली होती, ती तू तीन महिन्यांत मला एक एक करून परत पाठवलीस. आणि मी त्याच्यावर डोळ्यांचा दवाखाना आणि गोळ्या सुचवल्या. या विषयातली मुंबईतली जाणकार मी, असं साहेब पाहुण्यांना सांगतात. मी फोन काढला तोच तुझा फोन वाजला, की आई मांडवावर कोसळली आणि तोंडाला फेस आलाय.

मी इस्पितळात पोचले तेव्हा तुम्ही मावशीला आत आणतच होतात. तिथली ती मुलगी, विशीतली असेल, डॉक्टर होऊन वर्षही झालं नसेल. तिनं मावशीच्या पापण्या उचलल्या, साडीचा वास घेतला आणि विचारलं, "कुठलं औषध प्यायल्या?" एका मिनिटात. मला तीन महिन्यांत जमलं नाही ते.

आणि तू म्हणालास, माहीत नाही.

पोलिसांना वाटलं घरात भांडण झालं आणि म्हातारीनं विष घेतलं. ते वसुधाला बाजूला घेऊन विचारत होते, सासूला जाच होता का. तू भिंतीला टेकून उभा होतास. वीस मिनिटांनी वसुधाच घरी जाऊन निळ्या झाकणाची बाटली घेऊन आली. ती बघून मी कुठली जात ते सांगितलं आणि मग त्यांना नेमकं औषध सुरू करता आलं. कुलूप लागल्यावर पहिल्या काही तासांतच ते उघडता येतं, दादा. नंतर ते गंजून बसतं आणि मग कुठलीच किल्ली चालत नाही, माझीही नाही. प्रत्येक मिनिटाला किंमत होती आणि तू उभा होतास.

ॲट्रोपिनच्या उताऱ्यावर मावशी दहा दिवस राहिली. आज व्हेंटिलेटर काढला हे चांगलं. पण तिच्या अंगातलं बरंचसं एन्झाइम कायमचं गेलंय. शरीर नवं करेल, त्याला महिने लागतील. तोवर हात कापतील, चालताना तोल जाईल.

मला फक्त एवढंच लिही. ती बाटली कधीपासून होती, आणि तू गप्प का राहिलास.

कल्पिता

*

कोळीवाडा,
२९ एप्रिल

कल्पिता,

विनोद करायला गेलो तर हात चालत नाही, म्हणून सरळ लिहितो.

बाटली डिसेंबरपासून. राजेश नावाचा किडे मारायच्या औषधांचा एक सेल्समन टॉवरच्या कचराखोलीत फवारणी करायला यायचा. त्यांच्या फवारणीनं तिथल्या माशा इकडे आल्या. मी त्याच्याशी भांडायला गेलो, तर तो म्हणाला, काका, धुवायच्या पाण्यात एक झाकण टाका, माशी फिरकणार नाही, सगळीकडे करतात. सगळीकडे करतात की नाही ते मी बघितलं नाही. आपल्या वाड्यात तरी कुणी करत नव्हतं, मीच पहिला. आईनं दोन-तीनदा विचारलं, पाण्याला वास कसला रे येतो. मी म्हटलं, मीठ नवीन आहे. ती हात कोपरापर्यंत त्यात घालून बसायची. बाकीच्या बायका फक्त धुतलेला माल टांगायच्या. त्या शनिवारी मी चार झाकणं टाकली, मंगळवारसाठी.

तुझा फॉर्म भरताना माझ्या मनात आलं होतं. खोटं नाही बोलत, आलं होतं. पण प्रश्न शेतीचा होता आणि माझ्याकडे शेत नव्हतं. 'नाही' लिहिताना मला असंही वाटलं, की मी शिकलेल्या माणसांपेक्षा हुशार आहे.

इस्पितळात गप्प राहिलो कारण तोंड उघडलं असतं तर मांडव गेला असता. वीस मिनिटं माझ्या डोक्यात आई एका बाजूला आणि मांडव एका बाजूला असं चाललं होतं. वीस मिनिटं लागली मला, कल्पे. हे मी कुणाला सांगू शकत नाही. वसुधा माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

सगळा माल खड्डा करून पुरला. ज्यांना ज्यांना विकला त्यांच्याकडे स्वतः जाऊन सांगितलं, की खाऊ नका, टाकून द्या. शकुनं तिच्या गिऱ्हाइकांना सांगितलं. दोघांनी मला मारलं, एकानं चहा दिला. वॉर्डातही लिहून दिलं. मांडव गेला, त्यांना एक माशीसुद्धा शोधावी लागली नाही.

आता दोन आठवडे जागा रिकामी आहे. माशा जशाच्या तशा आहेत. सेक्रेटरी गॅलरीत उभा राहून फटके मारतो. बघून हसूही येत नाही.

नऊ बायकांना आणि वसुधाला इस्पितळात तपासलं. सगळ्यांचं ते एन्झाइम कमी, पण भरून येईल म्हणाले. आई परवा घरी आली. तिला सगळं सांगितलंय. ऐकून ती भिंतीकडे वळली. माझ्याकडून पाणी घेत नाही, पोराकडून घेते.

मला शिव्या देऊन पत्र लिही, चालेल. पण लिही.

दादा

*

पवई,
४ मे

दादा,

शिव्या देणार होते. दोन पानं लिहूनही झाली होती. फाडली. ती देण्याचा हक्क मला आहे की नाही, ते पुढचं वाचून तू ठरव.

आधी पस्तीस नंबरचं. एकशे अठरा का आलं ते तुला आता कळलं असेल. तुमच्या सगळ्यांच्या रक्ताला आधीच थोडं थोडं कुलूप लागलेलं होतं, रोज नव्यानं, म्हणून अजून न गंजलेलं. आम्ही त्या अर्धवट बंद रक्तालाच शंभर धरलं. औषधानं आमचं विष उतरवलं आणि बरोबर तुझंही. म्हणून आकडा वर गेला. या आठवड्यात लॅबमधल्या लोकांचं रक्त घेऊन परत केलं, त्या घसरणाऱ्यालाही खुर्चीला धरून बसवलं. अठ्ठावन्न आलं. जुनं औषध पंचावन्न. पाच वर्षं आणि तीन टक्के. साहेब म्हणाले, परिषद होऊ दे, मग बघू. मी परिषदेला स्वतः कळवलं आणि भाषण मागे घेतलं. आता ते मला गुड मॉर्निंग म्हणत नाहीत. त्याचं दुःख मर्यादित आहे.

तो फॉर्म शेतकऱ्यांसाठी केलेल्या दुसऱ्या कामातला होता. मी उचलून तसाच तुला दिला. मांडवावर मी दहावीपर्यंत बोंबील टांगलेत, मला 'माशांवर काही मारता का' एवढं विचारायला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण आपल्याकडे तसलं काही होत नाही याची मला खात्री होती. ही झाली एक गोष्ट.

दुसरी. मी तुला लिहिलं होतं की बाद नळी कुणाची ते मला माहीत नाही. माहीत होतं. बारा नंबरची. ती नळी मी माझ्या हातानं मावशीच्या दंडातून भरली होती, दुसऱ्या कुणाला सुई लावायला तिनं दिलं नव्हतं.

२४ जानेवारीला मी तिचा आकडा मोजला. असायला हवा त्याच्या निम्मा होता. तुम्हा बाकी अकरा जणांचेही खालच्या काठावर होते, पण लॅबगणिक थोडा फरक पडतो असं म्हणून ते चालून गेले. निम्मा चालून जाणारा नव्हता. मी दोनदा मोजला. मग स्वतःला सांगितलं, वय झालंय, बर्फ वितळला असेल, नळी हलली असेल. तिच्या एका आकड्यानं माझी सगळी सरासरी बिघडत होती. मी ती ओळ खोडली आणि शेजारी 'तांत्रिक कारण' असं लिहिलं. त्यानंतर तू डोळ्यांचं लिहिलंस, पोटाचं लिहिलंस, आणि मी तो आकडा कधी आठवलाच नाही. आठवला नाही असं नाही. आठवायचा नव्हता. म्हणूनच रविवारी येत नव्हते.

तेव्हा मी तुला दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून फोन केला असता, पत्र लिहिलं असतं, शकुला नुसता निरोप दिला असता, तर ती त्या पाण्यात हात घालायची थांबली असती. तू वीस मिनिटं गप्प राहिलास. मी अठ्ठ्याहत्तर दिवस.

हे पत्र मावशीला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. मला समोर येऊन सांगायची हिंमत नाही, म्हणून तुझ्यावर टाकतेय. तिनं मला वाढवलंय आणि मी तिला सरासरीसाठी खोडलं. फार लाज वाटते.

कल्पिता

*

कोळीवाडा,
९ मे

कल्पे,

वाचून दाखवलं. काही गाळलं नाही.

आई खाटेवर बसली होती. मी वाचायला लागलो तर म्हणाली, हळू वाच. चोवीस जानेवारीचं पान तिनं तीनदा वाचायला लावलं. निम्मा म्हणजे किती, सरासरी म्हणजे काय, सगळं विचारलं. मला जमेल तसं सांगितलं. वसुधा दारात उभी होती, तीही आत येऊन बसली.

आईचे हात कापत होते, ते तिनं मांडीखाली दाबून धरले होते. मला वाटलं आता तुझ्याकडेही पाठ करणार. मला थोडं बरंच वाटलं असतं, भिंतीकडे बघायला एकटा कंटाळलो होतो.

ती म्हणाली, "मंजे माज्या रगतानं तिला सांगितलं व्हतं."

मी म्हटलं, हो.

"आनि मी तुला इचारलं व्हतं, पान्याला वास कसला येतो. दोगांनी बी ऐकलं नाय." एवढं म्हणून तिनं माझ्याकडे पेला मागितला. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा. मी दिला. अर्धं पाणी अंगावर सांडलं, मी पुसायला गेलो तर म्हणाली, राहू दे, सुकेल.

मग तिनं निरोप सांगितला. तो जसाच्या तसा लिहितो, कारण लिहून झाल्यावर तो तिला वाचून दाखवायचा आहे. रविवारी ये. माणसं आणू नको, एकटी ये, सुई घेऊन. रक्त ती परत देणार आहे आणि दर महिन्याला देणार आहे, हात कापायचे थांबेपर्यंत. खोडलेली ओळ परत लिहायची. आणि आकडा आला की इथं येऊन तिच्यासमोर बसून वाचायचा, कितीही वाईट असला तरी, तिच्या तोंडाकडे बघून.

दादा